डोळ्यात काडी लागली, आता काय?

ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की नागपुरातल्या आमच्या डोळ्यांच्या ओपीडीत एक वाक्य रोज ऐकू येतं. "मशीनवर होतो सायेब, डोयात कुटार गेलं." कुटाराची, म्हणजे मळणीच्या भुश्याची, मला फारशी भीती वाटत नाही. भीती वाटते ती पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या वाक्याची. "चार दिवस थेंब टाकले, पण कमीच नाही होऊन राह्यलं." कोणते थेंब, म्हणून विचारलं की खिशातून एक बाटली निघते. कधी दुकानातून आणलेली, कधी मावशीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घरात उरलेली.

मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढणं, तपासणीआधीची मोजमापं घेणं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पेशंटला पुन्हा एकदा त्याच्या बोलीत सांगणं, हे माझं रोजचं काम. बुबुळाच्या दुखण्याशी ज्यांची पहिल्यांदाच गाठ पडली आहे त्यांना मी टेबलापलीकडून जे सांगतो तेच इथे लिहितोय, जरा सावकाश.

दुखतंय ते नेमकं काय

बुबुळ म्हणून आपण जे काळं-तपकिरी पाहतो तो रंगीत पडदा आत असतो. त्याच्या पुढे, घड्याळावर काच असावी तसा, एक पारदर्शक थर असतो. तो कॉर्निया. पुस्तकात त्याला पारपटल म्हणतात, ओपीडीत कोणी म्हणत नाही, तिथे यालाच सरसकट बुबुळ म्हणतात, आणि इथून पुढे मीही तेच म्हणणार. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि व्यास साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. पण प्रकाश वाकवून मागच्या पडद्यावर नेमका आणायचं दोन तृतीयांश काम हाच करतो. आतल्या भिंगाकडे उरलेलं येतं.

यात रक्तवाहिनी एकही नसते, म्हणून तो पारदर्शक राहतो. नसांची टोकं मात्र खच्चून भरलेली असतात, म्हणून धुळीचा कणसुद्धा दगडाएवढा वाटतो. सर्वांत वरची साल खरवडली गेली तर एक ते तीन दिवसांत भरून येते आणि मागे खूण राहत नाही. जखम त्याखाली गेली की ती भरते, पण व्रण ठेवून. गावाकडे 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात ते हेच. सर्वांत आतला थर एकाच पेशीच्या जाडीचा असतो आणि कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर उपसत राहतो. त्या पेशी मेल्या तर नव्या तयार होत नाहीत.

नागपूरकरांसाठी एक जाता जाता. 2013 मध्ये कॉर्नियाच्या मागच्या बाजूला आणखी एक पातळ पण चिवट थर असल्याचं इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या डॉ. हरमिंदर दुआंनी मांडलं. तो खरोखर वेगळा थर मानायचा का, यावर तज्ज्ञांत वाद झाले, पण 'दुआज लेयर' हे नाव रूढ झालं. हे दुआ आपल्या नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी.

पहिली पायरी : खिडकीशी उभे राहा

डोळा लाल झाला की घाबरण्याआधी उजेडात उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी डोळा पाहायला सांगा. एक डोळा तळहाताने झाका, बोटांनी दाबू नका, आणि दुसऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचा. मग डोळा बदला.

साधे 'डोळे आले' असतील तर चिकट घाण येते, पापण्या सकाळी चिकटतात, लाली पापणीकडच्या बाजूला जास्त असते आणि डोळा पुसला की तारखा नीट दिसतात. बहुधा एकापाठोपाठ दुसराही डोळा येतो. दुखणं बुबुळाचं असेल तर चित्र वेगळं असतं. तारखा धूसर दिसतात. उजेड सहन होत नाही, माणूस दुपट्टा ओढून अंधाऱ्या खोलीत बसतो. लाली बुबुळाभोवती कड्यासारखी गोळा होते. कधी बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरट किंवा राखाडी ठिपका दिसतो. यातलं एकही असेल तर त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर. उद्या नाही, बाजाराचा दिवस झाल्यावर नाही.

2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ होती तेव्हा सगळेच काळे चष्मे लावून फिरत होते आणि त्या गर्दीत खरे बुबुळाचे पेशंट 'साथच आहे' म्हणून घरी बसले. साथीत आलेले डोळेही दहा दिवसांनी धूसर दिसू लागले तर दाखवावेत. काही विषाणू जाताना बुबुळावर बारीक ठिपके ठेवून जातात आणि ते निवळायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात.

दुसरी पायरी : काय गेलं, त्यावर पहिली दहा मिनिटं

चुन्याबद्दल सर्वांत आधी, कारण हे शहर खर्र्याचं, म्हणजे चुना घातलेल्या सुपारी-तंबाखूचं आहे. पानठेल्यावरची चुन्याची पुडी किंवा छोटी ट्यूब घरात पडलेली असते, लहान पोर ती दाबतं, ती फुटते आणि चुना सरळ डोळ्यात. इथे मिनिटं मोजायची असतात. आम्ल डोळ्यात गेलं तर वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि त्यांचाच बांध पडून बरंचसं आम्ल तिथेच अडतं. चुना अल्कली. तो पेशींच्या आवरणातली चरबी विरघळवत आत आत जात राहतो. शिवाय त्याचे खडे वरच्या पापणीखाली चिकटून बसतात आणि तिथून पाझरत राहतात. बुबुळाच्या कडेला नवी साल तयार करणाऱ्या पेशींची गोल रांग असते, ती जळाली तर डोळ्याचा पांढरा भाग हळूहळू बुबुळावर चढतो.

म्हणून रिक्षा शोधायच्या आधी नळ शोधा. पोराला आडवं झोपवा, पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि निदान अर्धा तास पाण्याची धार सोडत राहा. ते रडेल, लाथा झाडेल, दोघांनी धरावं लागेल. पाणी उकळलेलं की नळाचं, हा विचार त्या घडीला नको. दिसणारा खडा ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने काढा, आणि मगच निघा. लिंबूपाणी घालून चुना 'मारायचा' प्रयत्न एका आजोबांनी केलेला मी पाहिला आहे. तसं करू नका. बांधकामावरचं ओलं सिमेंटही अल्कलीच आहे. शहरात सिमेंटचे रस्ते बारमाही चालू असतात, तेव्हा मजुरांच्या ठेकेदारांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. उलट कळमन्याच्या मिरची बाजारातली भुकटी डोळ्यात गेली तर माणूस नाचतो, पण धुतल्यावर आग उतरते आणि मागे सहसा काही राहत नाही.

काडी, कुटार, पऱ्हाटीचं टोक, तुरीचं धसकट, बैलाचं शेपूट, उसाचं पान. यांनी बुबुळ खरवडलं तर स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका. ठणका कमी झाला तरी दुसऱ्या दिवशी दाखवाच. वनस्पतीवरची बुरशी जखमेत रुजते. फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस या दोन बुरशी आपल्याकडे नेहमीच्या. बुरशीचा स्वभाव संथ असतो. पहिले दोन-चार दिवस काही विशेष वाटत नाही, मग बुबुळावर पिसासारख्या विसकटलेल्या कडांचा ठिपका उमटतो. दिसायला जखम मोठी आणि त्या मानाने दुखणं कमी, अशी ती फसवी असते. रुमालाचं टोक, आगपेटीची काडी, कुणाची जीभ, गुलाबपाणी, मध, आईचं दूध, गोमूत्र यांपैकी काहीही डोळ्यात घालायचं नाही.

हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतून येतात ते लोखंडाचे कण. ग्राइंडरची ठिणगी बुबुळात रुतली की काही तासांतच तिच्याभोवती गंजाचं कडं धरतं. शेजारचा 'एक्सपर्ट' कामगार पिनेने ते काढून देतो, अशी व्यवस्था बऱ्याच वर्कशॉपात असते. ती मोडा. वेल्डिंगचा झोत पाहिला असेल तर त्रास लगेच होत नाही. सहा-बारा तासांनी, म्हणजे नेमका मध्यरात्री, दोन्ही डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतं. एक-दोन दिवसांत ते बरं होतं. बटाट्याचे काप ठेवल्याने पापण्यांना गार वाटतं, तेवढंच. डॉक्टर तपासताना बधिर करणारा थेंब टाकतात आणि क्षणात आराम पडतो, तेव्हा पेशंट तोच थेंब घरी मागतो. तो मिळणार नाही. वारंवार टाकला तर बुबुळाची साल भरतच नाही.

आता संक्रांतीचा मांजा, आणि छिन्नी-हातोड्याचा उडालेला तुकडा. डोळा चिरला आहे किंवा आत काही घुसलं आहे अशी शंका आली तर वरचे सगळे नियम उलटे. धुवायचं नाही, दाबायचं नाही, थेंब नाही, रुतलेलं ओढायचं नाही. चहाचा कागदी कप डोळ्यावर उपडा धरून चिकटपट्टी लावा आणि निघा. वाटेत चहा-नाश्ताही नको, कारण भूल द्यावी लागू शकते.

मेडिकल आणि मेडिकल

नागपुरात 'मेडिकलला गेलो होतो' याचे दोन अर्थ होतात. एक मेडिकल चौकाजवळचं सरकारी रुग्णालय, दुसरा कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान. बुबुळाच्या बाबतीत पहिल्या अर्थाने जा. दुकानदाराशी माझं भांडण नाही. त्याच्याकडे पेशंट अर्ध्या मिनिटात लाल डोळा दाखवतो आणि तो अर्ध्या मिनिटाचं औषध देतो. पण त्या बाटलीत बहुतेकदा अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड असतं, आणि खेळ तिथेच बिघडतो.

लाली म्हणजे शरीराची झुंज. स्टिरॉइड ती झुंज थांबवतं. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी डोळा पांढरा होतो, ठणका कमी होतो आणि पेशंट दुकानदाराला दुवा देतो. आत मात्र बुरशीला मोकळं रान मिळालेलं असतं. आठवडाभराने तो आमच्याकडे येतो तेव्हा दोन मिलिमीटरचा ठिपका सहा मिलिमीटरचा झालेला असतो. नागिणीच्या भाऊबंदांपैकी हर्पिस नावाच्या विषाणूची जखम असेल तरी हीच गत. घरातल्या बाटल्या आजच काढून वाचा. बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लोरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल असं दिसलं तर ती स्टिरॉइडची बाटली. औषध वाईट नाही, योग्य जागी ते डोळा वाचवतं. दिव्याखाली न पाहता टाकलेलं वाईट.

काटोल रोडच्या एका गावातले काका माझ्या कायम लक्षात आहेत. संत्र्याच्या फांदीने लागलं, गावातून घेतलेले थेंब अकरा दिवस टाकले. आमच्याकडे आले तेव्हा बुबुळ पिठल्यासारखं झालं होतं. "पह्यले दोन दिवस तं मस्त वाटलं होतं," असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते, जणू आम्हीच काही बिघडवलं.

तिसरी पायरी : दवाखान्यात

मेडिकल, मेयो (हेही सरकारी रुग्णालय) आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे नेत्ररोग विभाग आहे. धर्मादाय आणि खासगी रुग्णालयंही शहरात भरपूर आहेत. खासगीत जाणार असाल तर फोनवर एवढंच विचारा, 'कॉर्नियाचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात?' मोतीबिंदूचे उत्तम सर्जन वेगळे आणि कॉर्निया रोज पाहणारे वेगळे.

सोबत न्यायचं : आतापर्यंत टाकलेल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा. आम्ही रागावू म्हणून लोक त्या लपवतात. आम्ही रागावतो हे खरं, पण बाटली दिसली तर उपचाराचे दोन दिवस वाचतात. चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर लेन्स आणि डबीसुद्धा, कारण जंतू तिथेही सापडतात. शुगर असेल तर शेवटचा रिपोर्ट. आणि घरी परत न्यायला एक माणूस, कारण बाहुली मोठी करणारं औषध घातलं की गाडी चालवता येत नाही.

तिथे हनुवटी टेकवून बसवतात ते यंत्र म्हणजे स्लिट लॅम्प. नारिंगी रंगाची एक कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवतात आणि निळा दिवा लावतात. जिथे साल निघाली आहे तो भाग हिरवा चमकतो. जखमेत जंतूची शंका आली तर बधिर करून तिच्यावरून थोडं खरवडून काचपट्टीवर घेतात. 'डोळा खरवडणार' ऐकून माणसं खुर्चीतून उठतात. दुखत नाही, दाब जाणवतो इतकंच. त्यातला एक नमुना लगेच सूक्ष्मदर्शकाखाली जातो आणि बुरशीचे धागे असतील तर तिथल्या तिथे दिसू शकतात. दुसरा कल्चरला लावतात, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहतात, त्याला दिवस लागतात, बुरशीला आठवड्याहून जास्तही. ही तपासणी नाकारू नका, आणि शक्यतो कोणताही थेंब पडण्याआधी होऊ द्या.

चौथी पायरी : घरचा घड्याळाचा खेळ

जखम जंतूची असेल तर सुरुवातीला तासातासाला थेंब असतात, कधी रात्रीसुद्धा. इथे उपचार हमखास ढेपाळतात. पेशंटवर सोडू नका. घरातल्या दोघांनी पाळ्या लावून घ्या आणि मोबाइलचा गजर लावा. एक थेंब पुरतो, दुसरा गालावरून वाहून जातो. खालची पापणी ओढून तिच्या खोबणीत टाका, बाटलीचं तोंड डोळ्याला लागू देऊ नका, दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. बुरशीवरचं नॅटामायसिन दुधाळ असतं, ते तळाशी बसतं. हलवलं नाही तर तुम्ही नुसतं पाणी टाकत असता. त्याचा पांढरा थर डोळ्यावर साचतो, त्याला पू समजून घाबरू नका. डोळ्यावर पट्टी बांधू नका, आतल्या ओल-उबेत जंतूंचं फावतं.

बुरशीचा उपचार आठवड्यांचा, कधी दोन-तीन महिन्यांचा असतो. मधेच बरं वाटलं म्हणून पेरणीला निघून जाऊ नका. दर खेपेला जखम मिलिमीटरमध्ये मोजून कागदावर लिहिलेली असते, तो आकडा विचारा. तुम्हाला कसं वाटतंय यापेक्षा तो खरा.

हळूहळू येणारी दुखणी

सगळंच अपघाताने होत नाही. उन्हाळा लागला की आठ-दहा वर्षांची पोरं, त्यात मुलगे जास्त, डोळे चोळत येतात. ही उन्हाळी अ‍ॅलर्जी. खाज इतकी की मुठीने चोळतात. सतत चोळण्याचा संबंध केरॅटोकोनसशी आहे. यात कॉर्निया मधे पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. दर सहा महिन्यांनी नंबर बदलतोय, त्यातही सिलिंडरचा, म्हणजे कॉर्नियाच्या वाकडेपणाचा, आकडा वाढतोय आणि चष्मा लावूनही स्वच्छ दिसत नाही, असं पंधरा-वीस वर्षांच्या मुलाचं असेल तर दुकान बदलू नका, कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी करा. वाढता केरॅटोकोनस थांबवण्यासाठी क्रॉसलिंकिंग करतात, म्हणजे कॉर्निया कडक करतात. मूळ पद्धतीत अर्धा तास बी-2 जीवनसत्त्वाचे थेंब आणि अर्धा तास अतिनील किरण. त्याने चष्मा जात नाही, दुखणं पुढे सरकायचं थांबतं. पोलीस भरतीसाठी लेसर करून चष्मा घालवायचा बेत असेल तर हा नकाशा आधी हवाच. लपलेल्या केरॅटोकोनसवर लेसर मारलं तर कॉर्निया आणखी ढासळतो.

खाजेसाठी गार पाण्याच्या घड्या आणि डॉक्टरांनी दिलेले अ‍ॅलर्जीचे थेंब. त्याच चिठ्ठीवर वर्षानुवर्षं स्टिरॉइड आणत राहिलात तर पोराला काचबिंदू होऊ शकतो.

कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांना दोनच गोष्टी : लेन्स घालून झोपू नका आणि लेन्सला नळाचं पाणी लावू नका. पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असतो, तो बुबुळात शिरला तर उपचार महिनोन् महिने चालतो.

पारा 45 च्या पुढे गेला की घराघरात कूलर लागतो आणि आपण झोपतो बरोबर त्याच्या झोताच्या तोंडाशी. डोळे कोरडे पडतात, सकाळी बोचतात. कूलरचं तोंड फिरवा, मग थेंबांचं बघू. तोंडाचा लकवा झालेल्यांची पापणी मिटत नाही, त्यांचं बुबुळ रात्रभर उघडं राहून सुकतं. तिथे मलम आणि पापणीला चिकटपट्टी, डॉक्टरांकडून शिकून घ्या. वडस, म्हणजे नाकाच्या बाजूने बुबुळावर चढणारा मांसल पडदा, सावकाश वाढतो. तो मधोमध पोचायच्या आत काढायचा की नाही ते ठरवता येतं. म्हाताऱ्यांच्या बुबुळाच्या कडेला दिसणारं पांढुरकं कडं निरुपद्रवी. तेच चाळिशीच्या आत दिसलं तर कोलेस्टेरॉल तपासा.

फूल राहिलंच तर

व्रण कडेला असेल तर त्याच्यासोबत आयुष्य निघतं. मधोमध असेल आणि पृष्ठभाग खडबडीत झाला असेल तर चष्म्याचा उपयोग होत नाही, पण कडक कॉन्टॅक्ट लेन्सने कधी आश्चर्यकारक फरक पडतो. प्रत्यारोपणाच्या रांगेत उभं राहण्याआधी ही चाचणी मागून घ्या.

प्रत्यारोपणात अख्खा डोळा बदलत नाहीत, फक्त ती काच, आणि आता तर बऱ्याचदा तिचा बिघडलेला थर तेवढाच. पहिलं यशस्वी प्रत्यारोपण 1905 साली एदुआर्ड झिर्म यांनी केलं, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोऊत्स गावी. पेशंट होता अलोइस ग्लोगर नावाचा मजूर, आणि त्याचे डोळे गेले होते चुन्यानेच. बुबुळात रक्तवाहिन्या नसल्याने रक्तगट सहसा जुळवावा लागत नाही. तरी शरीर परकी काच नाकारू शकतं, वर्षांनंतरही. लाली, उजेडाचा त्रास, धूसरपणा, ठणका यांतलं काहीही आलं तर प्रत्यारोपण झालेल्याने त्याच दिवशी यायचं.

ही काच मिळते नेत्रदानातून, आणि त्यासाठी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ती काढून घ्यावी लागते, म्हणून नेत्रपेढीला लगेच फोन जावा लागतो. नागपुरात महात्मे, माधव अशा नेत्रपेढ्या आहेत, तुमच्या भागातलीचा नंबर आत्ताच फोनमध्ये ठेवा. फॉर्म भरलेला नसला तरी घरचे संमती देऊ शकतात, आणि भरलेला असला तरी फोन घरच्यांनाच करावा लागतो. चष्मा, शुगर, मोतीबिंदूचं झालेलं ऑपरेशन, यांपैकी काहीही आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ बी-सी, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर घेत नाहीत. पथक घरी येतं, पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं, चेहरा विद्रूप होत नाही. ते पोचेपर्यंत पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. आणि खोलीतला पंखा बंद करा, उन्हाळा असला तर कूलरसुद्धा. जमलेले लोक तक्रार करतील, करू द्या.